इले आय्ये : काळ्या वस्तीचा ढोल

१

अण्णा भाऊ साठे जयंतीच्या तयारीची बैठक होती. आमच्या गावातल्या समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसे बसली होती. मिरवणुकीपुढे काय वाजवायचे, या एका प्रश्नावर दोन तट पडले. काही तरुणांचे म्हणणे, हलगी वाजली पाहिजे. ते आपले वाद्य आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, हलगी नको. ज्या हलगीपायी बापजाद्यांनी गावाच्या वराती पुढून नाचवल्या आणि उकिरड्याच्या कडेला बसून जेवण घेतले, ती पुन्हा गळ्यात कशाला? मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणून निकाल माझ्यावर सोपवला गेला. मी उभा राहिलो आणि ठणकावून सांगितले की हलगी ही गुलामीची निशाणी आहे, तिला आपल्या मिरवणुकीत स्थान नाही. टाळ्या पडल्या. माझे वडील मागे भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, चपला शोधल्या आणि निघून गेले.

माझे वडील चाळीस वर्षे हलगी वाजवत होते. पोळा, जत्रा, लग्न, मयत. गावाने बोलवायचे आणि त्यांनी जायचे. आधी सुगीला पसाभर धान्य मिळे, पुढे पन्नास-शंभर रुपये मिळू लागले. पण बोलावण्याची रीत बदलली नाही. दाराशी न येता लांबून हाक मारायची, तीही एकेरी. मी नववीत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या भावाची वरात होती. वडील पुढे वाजवत होते आणि माझे वर्गमित्र त्यांच्यापुढे नाचत होते. मी एका बैलगाडीच्या आड लपून बसलो. वडिलांनी मला पाहिले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. बैठकीतले माझे भाषण हे त्या बैलगाडीच्या आडून केलेले भाषण होते, असे आज मला वाटते.

हे वाटण्याचे कारण मला आपल्या देशात सापडले नाही. ते सापडले ब्राझीलमध्ये, साल्वादोर नावाच्या शहरातील एका काळ्या वस्तीत. गुलामगिरीचा इतिहास शिकवण्याच्या निमित्ताने मी त्या वस्तीतल्या एका वादक-पथकाच्या वाटचालीत शिरलो. पथकाचे नाव इले आय्ये. पन्नास वर्षांपूर्वी काही काळ्या तरुणांनी ढोल गळ्यात अडकवला आणि एका शहराला आपला चेहरा आरशात पाहायला लावला, त्याची ही हकिगत आहे. आपल्या चळवळीच्या दृष्टीने ती तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

ज्योतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. हे आपण सर्वजण जाणतो. परंतु ते पुस्तक छापले जात होते तेव्हा त्याच अमेरिका खंडाच्या दक्षिण भागात, ब्राझीलमध्ये, माणसांची खरेदी-विक्री राजरोस चालू होती, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ती आणखी पंधरा वर्षे चालली. ब्राझीलमधील गुलामगिरी संपवणारा कायदा १३ मे १८८८ रोजी झाला. मुंबईत ज्योतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली ती ११ मे १८८८ रोजी. दोन दिवसांचे अंतर. या योगायोगातून इतिहासाचा कोणता नियम निघत नाही. पण दोन्ही तारखा एकाच आठवड्यात मांडून पाहिल्या म्हणजे साल्वादोर आपल्याला तितके परके राहत नाही.

आफ्रिकेतून धरून आणलेली सुमारे अठ्ठेचाळीस लाख माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरवली गेली. अमेरिका खंडातील दुसऱ्या कोणत्याही देशात इतकी माणसे आणली गेली नाहीत. साल्वादोर हे या व्यापाराचे एक मोठे बंदर होते. पोर्तुगीजांनी हे शहर १५४९ साली वसवले आणि १७६३ पर्यंत ती ब्राझीलची राजधानी होती. ज्या राजसत्तेने गोवा ताब्यात ठेवला तिचाच हा दुसरा हात. हिंदुस्थानच्या वाटेवरची जहाजे या बंदरात थांबत. शहराच्या जुन्या भागाला आजही पेलोरिन्यो म्हणतात. पेलोरिन्यो म्हणजे ज्याला बांधून फटके मारतात तो खांब. एका वस्तीचे नावच ‘फटक्यांचा खांब’ आहे आणि लोक ते रोजच्या बोलण्यात उच्चारतात.

या माणसांनी मुकाट्याने सोसले असे नाही. १८३५ च्या जानेवारीत साल्वादोरमध्ये आफ्रिकी मुसलमान गुलामांनी उठाव केला. त्यांच्यातील अनेकांना अरबी लिहिता-वाचता येत होते, आणि त्यांच्या गोऱ्या मालकांपैकी अनेकांना अक्षरओळखही नव्हती. तो उठाव चिरडला गेला. १८८८ च्या कायद्याने दास्य संपले, परंतु मुक्त झालेल्याला जमीन मिळाली नाही, नुकसानभरपाई मिळाली नाही, शाळाही मिळाली नाही. पुढल्याच वर्षी प्रजासत्ताक आले आणि १८९१ च्या संविधानाने निरक्षराला मताधिकार नाकारला. तो अधिकार मिळायला १९८५ साल उजाडावे लागले. शाळा द्यायची नाही आणि शाळेत गेला नाही म्हणून मत द्यायचे नाही! ही तर्कपद्धती आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि ढोल? १९०५ साली साल्वादोरच्या कार्निव्हलमध्ये आफ्रिकी ढोल वाजवत निघणाऱ्या पथकांवर बंदी घालण्यात आली. कारण काय, तर त्यामुळे शहराची सभ्यता मलिन होते. ज्या धर्मात हे ढोल देवतांना बोलावतात त्या कांदोंब्लेच्या देवघरांवर पोलिसांच्या धाडी पडत. बाहिया प्रांतात अशा देवघरांना १९७६ पर्यंत पोलिसांकडे नोंद करावी लागे. चर्चची घंटा पोलिसांना विचारून वाजत नव्हती. ढोल मात्र विचारून वाजवायचा होता.

३

येथे एका जुन्या पथकाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण त्याच्या नावाने मी चमकलो. १९४९ च्या कार्निव्हलमध्ये साल्वादोरच्या गोदीतील हमालांनी एक पथक काढले. पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरा फेटा, ओठांवर आफ्रिकी देवतांची गाणी. पथकाचे नाव ‘गांधींचे पुत्र’. गांधीजींच्या खुनाला एकच वर्ष झाले होते. पुणे कराराची आठवण ज्याच्या घरात अजून ठसठसते अशा माणसाला हे नाव वाचून काय वाटेल, ते मी सांगायला नको. काळ्या हमालांना दुसरे नाव सापडले नाही काय, असे माझ्या मनात पहिल्यांदा आले.

परंतु विचार केल्यावर दिसले की त्या हमालांना हिंदुस्थानातील वादाशी कर्तव्य नव्हते. त्यांना रस्त्यावर आपली देवता आणि आपला ढोल न्यायचा होता, आणि पोलीस दंडुका घेऊन उभे होते. शांततेच्या एका जगन्मान्य नावाची चादर त्यांनी पांघरली आणि आत स्वतःचा धर्म नेला. दुबळ्याची ही नेहमीची युक्ती आहे. तिला हसू नये. मात्र तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्या नावाने ढोल रस्त्यावर आला, पण तो वाजवणारा ‘मी काळा आहे’ असे उघडपणे म्हणू शकला नाही. त्याला दुसऱ्या कोणाचा तरी पुत्र व्हावे लागले.

साठीच्या अखेरीस हीच गोष्ट निराळ्या वेषात दिसते. गरीब काळ्या तरुणांनी कार्निव्हलसाठी ‘अपाचे’ वगैरे नावांची पथके काढली. सिनेमातले तांबडे इंडियन पाहून त्यांनी डोक्यात पिसे खोवली. गोऱ्याशी लढणारा कोणीतरी त्यांना हवा होता, आणि आफ्रिकेतील लढवय्या त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. पोलिसांनी त्यांनाही झोडपले. श्रीमंतांच्या पथकांत काळ्यांना प्रवेश होता, पण तो दोर धरण्यासाठी. पैसे भरून नाचणाऱ्यांभोवती लांब दोर ताणलेला असतो. आत गोरे आणि गव्हाळ नाचतात, आणि बाहेरच्या गर्दीला रेटत तो दोर धरून चालणारे मजूर काळे. ही पद्धत पुढेही टिकली. ज्या शहरात दहातील आठ माणसे आफ्रिकी वंशाची, त्या शहराच्या सणात काळ्या माणसाची जागा दोरावर होती.

आणि हे सर्व चालू असताना सरकार, विद्यापीठे, वृत्तपत्रे एका सुरात सांगत होती की ब्राझीलमध्ये वर्णभेद नाही. येथे सर्व वंश मिसळून गेले आहेत. ही वांशिक लोकशाही आहे. १९६४ पासून लष्कराची राजवट होती, आणि १९७० च्या जनगणनेत तर वर्णाचा रकानाच गाळण्यात आला. मोजायचेच नाही म्हणजे भेदही दिसणार नाही! ‘आता जात कुठे राहिली आहे’ असे आपल्याला विचारणारे गृहस्थ येथे वाचकाला आठवले तर त्याचा दोष माझ्याकडे नाही.

४

साल्वादोरमध्ये लिबेर्दादे नावाची मोठी काळी वस्ती आहे. लिबेर्दादे म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव गुलामांच्या मुक्तीवरून पडलेले नाही. १८२३ साली पोर्तुगीजांना हाकलून विजयी सैन्य ज्या रस्त्याने शहरात आले त्या रस्त्यावरून ते पडले. देश स्वतंत्र झाला, आणि त्या रस्त्यावर राहणारा गुलाम आणखी पासष्ट वर्षे गुलामच राहिला. राजकीय स्वातंत्र्य आणि सामाजिक स्वातंत्र्य यांतील अंतर बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. लिबेर्दादेला ते रस्त्याच्या पाटीवरच वाचायला मिळत होते.

या लिबेर्दादेतील कुरुझु नावाच्या चढावर १ नोव्हेंबर १९७४ रोजी काही तरुण जमले. आंतोनियो कार्लोस दोस सांतोस, ज्याला सगळे व्होव्हो म्हणजे आजोबा म्हणत, आणि त्याचा मित्र आपोलोनियो दे जेझुस हे त्यांतले पुढारी. व्होव्हो तेव्हा बावीस वर्षांचा होता. उत्तर अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याच्या बातम्या, त्यांचे संगीत, वाढवलेले कुरळे केस हे सर्व त्यांच्यापर्यंत पोचले होते. त्याच वर्षी पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली होती आणि अंगोला, मोझांबिक हे देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होते. या तरुणांना पथकाचे नाव ठेवायचे होते ‘काळी सत्ता’. लष्करी राजवटीत ते नाव चालणार नाही, हे पोलिसांकडून त्यांना कळले. तेव्हा त्यांनी योरुबा भाषेतले नाव घेतले : इले आय्ये. इले म्हणजे घर, आय्ये म्हणजे हे जग. पोलिसांना योरुबा येत नव्हती.

याच्या दोनच वर्षे आधी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. तिनेही नाव घेतले ते उत्तर अमेरिकेतील काळ्या तरुणांकडून. मुंबईतील झोपडपट्टी आणि कुरुझुचा चढ यांना एकमेकांची खबर नव्हती; पण एकाच ठिणगीने दोन्हीकडे पेट घेतला. आपल्याकडे तिची कविता झाली, मोर्चा झाला, जाहीरनामा झाला. तिकडे तिचा ढोल झाला. असे का झाले, हा प्रश्न मी पुढे घेणार आहे.

१९७५ च्या कार्निव्हलमध्ये शनिवारी रात्री शंभरेक माणसे कुरुझुच्या चढावरून निघाली. सर्व काळी. कारण नियमच तसा होता : या पथकात फक्त काळ्यांनाच प्रवेश. गिटार नाही, विजेवर चालणारे वाद्य नाही; ढोल आणि माणसांचा गळा. पाउलिन्यो कामाफेउ याने रचलेले गाणे ते गात होते. हे कोणते पथक आहे, असा त्यात प्रश्न होता आणि काळ्या जगाची ओळख करून द्यायला आलो आहोत, असे त्याचे उत्तर होते. अनेकांना वाटले, मारहाण होणार. काही काळे प्रेक्षकसुद्धा भीतीने बाजूला झाले.

पुढे काय झाले ते आपल्याला सहज ओळखता येईल. साल्वादोरच्या ‘आ तार्दे’ या मोठ्या दैनिकाने लिहिले की हे पथक वंशद्वेषी आहे, कार्निव्हलच्या सुरात हा बेसूर आहे, आणि आपल्या देशात नसलेला प्रश्न ही मंडळी परदेशातून आणत आहेत. वर्षानुवर्षे काळ्यांना वगळून पथके निघाली तेव्हा कोणाला वंशद्वेष दिसला नाही. काळ्यांनी आपले एक पथक काढले आणि पहिल्याच रात्री तो दिसला. दलितांनी स्वतःचे संमेलन भरवले, स्वतःचे नियतकालिक काढले, तेव्हा ‘साहित्यात जात आणता’ म्हणून जे ओरडले त्यांचीच ही भाषा आहे. दार बंद करणाऱ्याला कोणी जातीयवादी म्हणत नाही. बाहेर राहिलेल्याने स्वतःचे घर बांधले की ते घर जातीयवादी ठरते.

अर्थात, इले आय्येचा नियम निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. कातडीचा रंग पाहून प्रवेश देणे ही गोष्ट, कोणत्याही हेतूने केली तरी, माणसाला कातडीवर आणून ठेवते. परंतु ज्याला कधी स्वतःच्या अंगणात एकटे उभे राहता आले नाही, त्याला काही काळ अंगण स्वतःचे ठेवण्याची गरज असते. त्या नियमाकडे मी असे पाहतो.

५

पथके निघतात आणि विरतात. इले आय्ये टिकले, याचे श्रेय एका बाईला द्यावे लागेल. व्होव्होची आई हिल्दा दिअस दोस सांतोस, जिला लोक माई हिल्दा म्हणत, ही कांदोंब्लेची पुजारीण होती. त्याच चढावर तिचे देवघर होते. लष्करी राजवटीत मुलगा असले काही करतो आहे म्हणून कोणती आई घाबरणार नाही? तिने मुलाला अडवले नाही. ती पथकाबरोबर चालली. दर वर्षी शनिवारी रात्री निघण्यापूर्वी तिने पायऱ्यांवर उभे राहून लाह्या उधळायच्या, पांढरी कबुतरे सोडायची, आणि मगच पहिला ढोल वाजायचा, अशी प्रथा पडली. २००९ साली ती वारली. प्रथा तिच्या कुटुंबाने चालू ठेवली.

पथकाने दर वर्षी एक विषय घेण्याची पद्धत सुरू केली, ही मला शिक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. १९८१ साली विषय होता झिंबाब्वे, जो देश आदल्याच वर्षी स्वतंत्र झाला होता. माली, घाना, अंगोला, सेनेगल असे देश एकेक करून आले. विषय ठरला की पथकातील लोक त्याची माहिती गोळा करीत, ती वस्तीतल्या गीतकारांना देत, आणि त्यावर गाण्यांची स्पर्धा होई. हमाल, गवंडी, मोलकरीण, शिंपी त्या देशाच्या राजांची, नद्यांची, लढ्यांची नावे गाण्यातून पाठ करीत. ज्या शाळेने आफ्रिकेबद्दल एक ओळ शिकवली नव्हती, तिची उणीव वस्तीने कार्निव्हलमध्ये भरून काढली. १९८८ साली माई हिल्दाने आपल्या देवघरातच मुलांची शाळा सुरू केली. १९९५ पासून पथकाने आपल्या विषयांवरच्या शैक्षणिक पुस्तिकाही काढल्या. ब्राझीलच्या सर्व शाळांत आफ्रिकेचा आणि काळ्या ब्राझीलियनांचा इतिहास शिकवण्याची सक्ती करणारा कायदा झाला तो २००३ साली. वस्तीचा ढोल कायद्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी हा धडा शिकवत होता.

दुसरी गोष्ट सौंदर्याची. ‘काळ्या सौंदर्याची रात्र’ नावाने पथक दर वर्षी आपली राणी निवडू लागले. या निवडीत गोरेपणाला, सरळ केसांना, धारदार नाकाला किंमत नाही. केसांच्या वेण्या, डोक्याला बांधलेले वस्त्र, अंगातील नाच आणि चालण्यातील मान हे पाहायचे. आपल्याकडे ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस’ असे म्हणतात. त्यातील ‘असली तरी’ हे दोन शब्द काढून टाकण्यासाठी त्या वस्तीला एक रात्र राखून ठेवावी लागली.

तिसरी गोष्ट वादनाची. मोठ्या, खोल आवाजाच्या ढोलाला तिकडे सुर्दो म्हणतात. त्यांचे वेगवेगळे गट असतात. एक गट आघात करतो, दुसरा त्याला उत्तर देतो, तिसरा मधल्या मोकळ्या जागा भरतो. वर लहान, कडक आवाजाचे ताशासारखे ढोल. देवघरातील ठेका आणि रस्त्यावरचा सांबा यांना एकत्र करून इले आय्येने संथ, भारदस्त चाल घडवली. या पथकातूनच तयार झालेला नेगिन्यो दो सांबा नावाचा वादक पुढे ओलोदुम या पथकात गेला. त्याने त्या चालीत जमैकाच्या रेगे संगीताची लय मिसळली आणि लहान ढोल दोन बारीक काड्यांनी वाजवण्याची रीत रूढ केली. त्यातून सांबा-रेगे नावाचा नवा प्रकार जन्माला आला. ओलोदुमची स्थापना १९७९ ची, आणि ती पेलोरिन्योत, त्या फटक्यांच्या खांबाच्या वस्तीत. १९९० साली पॉल सायमन या अमेरिकन गायकाच्या ध्वनिमुद्रिकेत ओलोदुमचे ढोल वाजले. १९९६ साली मायकेल जॅक्सन पेलोरिन्योच्या दगडी रस्त्यावर त्यांच्यामध्ये नाचला. माले दे बाले, आरा केतु, मुझेंझा अशी पथके वस्त्यावस्त्यांतून निघाली. इले आय्ये ही त्या सर्वांची थोरली.

नेगिन्यो दो सांबाने १९९३ साली आणखी एक काम केले. दिदा या नावाने त्याने केवळ स्त्रियांचे ढोलपथक उभे केले. देवघरातील ढोलाला बाईने हात लावायचा नाही, अशी कांदोंब्लेतील रीत आहे. रस्त्यावरचा ढोल त्या रितीतून त्याने सोडवला. आमच्या घरातही हलगीला आईने कधी हात लावला नाही. ती फक्त कातडे शेकायला जाळ करून देत असे.

६

मात्र ही सारी यशाची गाथा आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. १९७७ साली जिल्बेर्तो जिल या नामवंत काळ्या गायकाने इले आय्येचे पहिले गाणे आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले आणि ते देशभर गेले. इले आय्येची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका निघायला १९८४ साल उजाडले. १९९२ साली दानिएला मेर्कुरी या गोऱ्या गायिकेने पथकाचे दुसरे एक गाणे गायले. ती ध्वनिमुद्रिका लाखांनी खपली. तिने पथकाचे नाव लपवले नाही, उलट गौरवाने घेतले, हे नमूद केले पाहिजे. परंतु बाहियाच्या या ठेक्यावर जो मोठा धंदा उभा राहिला, त्याचे पुढारी चेहरे बहुतेक गोरे किंवा उजळ होते. काळ्या पथकांना प्रायोजक कमी मिळतात, अशी तक्रार व्होव्हो वर्षानुवर्षे जाहीरपणे करीत आला आहे. पेलोरिन्योची कथा तर अधिक बोलकी. १९८५ साली त्या वस्तीला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. नव्वदीत सरकारने घरे रंगवली, दुकाने आणली, आणि तेथे राहणाऱ्या शेकडो गरीब काळ्या कुटुंबांना थोडे पैसे हातावर ठेवून बाहेर काढले. ढोल राहिला, वाजवणाऱ्यांचे शेजारी गेले. प्रस्थापित समाज आपला नकार पचवू शकत नाही, पण आपले संगीत चांगले पचवतो, हा यातला धडा आहे.

तरीही जमेच्या बाजूला काही आहे. १९८८ च्या संविधानाने वंशभेद हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला. २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांतील काळ्यांच्या राखीव जागा एकमताने वैध ठरवल्या आणि त्याच वर्षी संघराज्याच्या विद्यापीठांसाठी राखीव जागांचा कायदा झाला. हे सर्व इले आय्येने केले असे नाही; त्यामागे काळ्यांच्या संघटनांचा दीर्घ लढा आहे. पण राखीव जागेसाठी ‘मी काळा आहे’ असे अर्जावर लिहावे लागते, आणि ते लिहिण्याची लाज ज्यांनी घालवली त्यांत कुरुझुच्या चढावरच्या ढोलाचा वाटा मोठा आहे. २०२४ मध्ये इले आय्येला पन्नास वर्षे झाली. त्याच वर्षी २० नोव्हेंबर, म्हणजे गुलामांच्या पळपुट्या वस्तीचा सेनानी झुंबी याचा १६९५ मधील मृत्युदिन, पहिल्यांदा देशभर सुट्टीचा दिवस म्हणून पाळला गेला.

आता मघाचा प्रश्न. तिकडे विद्रोहाचा ढोल झाला आणि आपल्याकडे विद्रोहाने ढोल फेकला, असे का? उत्तर वादनाच्या व्यवस्थेत आहे. ब्राझीलमधील मालकाने गुलामाला ढोल वाजवायला लावला नव्हता. त्याने तो बंद केला होता. म्हणून तेथे ढोल वाजवणे हेच बंड झाले. आपल्याकडे गावाने हलगी बंद केली नाही. गावाने ती आमच्यावर लादली. म्हणून ती खाली ठेवणे हे बंड झाले. आपल्या ज्या वडीलधाऱ्यांनी गावकीची कामे सोडली, हलग्या आडाला टांगल्या, त्यांनी योग्यच केले. त्यांचे बंड मोडून आज कोणी ‘लोककलेचे जतन करा’ म्हणत आला, तर त्याला आधी विचारले पाहिजे की तुमच्या घरातला कोण वाजवणार आहे. हे मी बैठकीत म्हणालो होतो आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

माझी चूक दुसरीकडे झाली. मी लादणाऱ्याला आणि वाद्याला एकच समजलो. कुरुझुतील ढोलही एकेकाळी लाजेचा होता. शिकलेले काळे लोक त्याला रानटी म्हणत होते. तेथील तरुणांनी तो उचलला तेव्हा काही अटी त्यांनी मनाशी पक्क्या केल्या होत्या : बोलावणार कोण, तर आम्ही; वाजणार कोणासाठी, तर आमच्यासाठी; आणि ढोल थांबल्यावर पोर शाळेत जाणार. या तीन अटींनी त्याच ढोलाचा अर्थ फिरला.

हे सर्व वाचून झाल्यावर एका रात्री मी वडिलांना इले आय्येचे वादन ऐकवले. फोन कानाजवळ धरून त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उजव्या हाताची बोटे मांडीवर चालू लागली. म्हणाले, “ह्यो थोरला सवाल टाकतोय अन् बारका जबाब देतोय. आपल्यात बी असंच हाय.” मी बैठकीतल्या भाषणाबद्दल काही बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले. “वाजवणं वंगाळ नव्हतं रं. बोलावणं वंगाळ व्हतं.”

एम.ए.ला मी दोन वर्षे ज्यावर निबंध लिहिले ते त्यांनी दोन वाक्यांत संपवले.

पुढच्या जयंतीच्या बैठकीत मी माझे आधीचे भाषण मागे घेणार आहे आणि एक सूचना मांडणार आहे. हलगी वाजवायची असेल तर ती पैसे देऊन कोणा गरीब वादकाकडून वाजवून घ्यायची नाही. आपल्यातल्या शिकलेल्यांनी, नोकरदारांनी, माझ्यासह, ती शिकून वाजवायची. गावातल्या कोणाच्याही वरातीपुढे ती जाणार नाही. डीजेसाठी निघणारी वर्गणी अभ्यासिकेला जाईल. आणि मुलींना वगळायचे नाही. सूचना मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. हलगी नको म्हणणाऱ्यांत माझ्या भाषणाने पटलेलेच लोक अधिक आहेत. त्यांच्याशी मला माझ्याच शब्दांविरुद्ध भांडावे लागणार आहे.

वडिलांची बोटे आता सांध्यांत आखडली आहेत. टिपरू नीट धरवत नाही. माझ्या बहिणीची दहा वर्षांची मुलगी सुट्टीत आली होती. तिने आडाची हलगी काढून दे म्हणून हट्ट धरला. कातडे सैल पडले होते. आईने चुलीत दोन काटक्या सारल्या, हलगी जाळापुढे धरली, आणि शेकून झाल्यावर ती वडिलांच्या हाती न देता थेट नातीच्या हाती दिली.